गुलाब कलम केला त्याची गोष्ट

सासूबाईंचा गुलाब मी एका दुपारी पार बुंध्यापर्यंत कापून काढला, आणि वर गुणगुणतही होते. एवढी शहाणी!

पिंपरीत तेव्हा कारखाना नवा होता. ह्यांना तिथं नोकरी लागली आणि आम्ही वसाहतीत राहायला आलो. सासूबाईंनी कुरुळीच्या घरून एकच झाड आणलं, गावठी गुलाब. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पदर धरणारा. दसरा सरला आणि सासूबाई वन्संना आणायला गावी निघाल्या. जाताना म्हणाल्या, "तेवढा गुलाब कलम करून ठिव गं."

वन्संचं लग्न ठरलेलं. आईच्या दारच्या गुलाबाचं रोप त्यांना सासरी न्यायचं होतं. हे मला ठाऊक नव्हतं, आणि विचारलं तर नवी सून अडाणी ठरेल, अशी माझी समजूत. त्यात माझं माहेर मराठवाड्यातलं, शाळा उर्दूची. आमच्या गोष्टींतले बादशहा येता-जाता सर कलम करायचे. कलम म्हणजे मुंडकं उडवणं, दुसरं काय?

भोंगा होऊन गेला होता. पवनेकडून वारा येत होता, अख्खी वसाहत पेंगत होती. मी कोयता घेतला. फांदी पडली की पाकळ्या उडायच्या, माझ्या पावलांवर येऊन बसायच्या. ओला, हिरवा, किंचित कडवट वास. हळूहळू अंगण दिसेनासं झालं. मी कुठल्याशा दरबारात उभी, आणि एकेक सरदार गुलाबी पागोट्यासकट माझ्यापुढं वाकतोय. सगळ्यांना मोक्ष दिला! फुललेल्या फांद्या टाकवेनात म्हणून बादलीत उभ्या केल्या, दोन फुलं वेणीत खोवली आणि दाराला टेकून झोपले. स्वप्नातही पाकळ्याच पडत होत्या.

जाग आली ती वन्संच्या रडण्यानं. "आई, माझा गुलाब!"

सासूबाईंनी आधी खुंटाकडं पाहिलं, मग माझ्या वेणीकडं. "ह्ये काय केलंस?"

"कलम," मी म्हटलं. "मुंडकी उडवली."

त्या मटकन खाली बसल्या. मला वाटलं, भोवळ आली. पण पदर तोंडात कोंबून हसत होत्या. "दसऱ्यामागं छाटायचाच असतो, पर इतका? अगं, काडी लावून नवं रोप करायचं, त्येला कलम म्हनत्यात!" मग बादली ओढून त्यांनी काड्यांचे तिरपे तुकडे केले आणि डब्यांतल्या मातीत खोचले.

लग्न जवळ येत होतं आणि काड्या एकेक करून काळ्या पडत होत्या. वन्सं रोज माती चाचपायच्या, त्यांच्यामागं मी, चोरासारखी. शेवटी एकच काडी हिरवी उरली. एका धुकट सकाळी तिच्या डोळ्यातून तांबूस कोंब डोकावला, आणि वन्सं मला मिठी मारून पुन्हा रडल्या. खुंट तर धुमाऱ्यांनी नुसता भरून गेला होता.

वन्सं तो डबा मांडीवर घेऊन गाडीत बसल्या. गाडी दिसेनाशी झाली तरी सासूबाई रस्त्याकडंच बघत होत्या. मग डोळे पुसत माझ्याकडं वळल्या.

"उद्या तुला प्वार झालं, अन् मी म्हनले त्याची दिष्ट काढ, तर मीठ-मोहऱ्याच घे हं बाई. कोयता नको घेऊस!"