उलट कललेले टाके

श्रीवर्धनच्या आमच्या शाळेत नववीला शिवणकामाची फाईल असायची. हेम, काज, रफू असा एकेक नमुना शिवून तिच्यात चिकटवायचा. माझ्या बाकावरच्या मैत्रिणीला सुई धरायचाच कंटाळा. म्हणून तिच्या ओटीवर बसून, अंगणात वाळणाऱ्या सुपारीवर लक्ष ठेवत, तिचा हेमचा नमुना मीच शिवून दिला.

बाईंनी दोघींच्या फायली शेजारी ठेवल्या आणि हे एकाच हाताचं काम आहे म्हणाल्या. मैत्रीण माझ्याकडे न बघता बोलली, "बाई, हिचाही मीच करून दिला." बाईंनी माझा नमुना फाईलमधून काढला आणि सगळ्या वर्गासमोर मला तो उसवायला लावला.

मी डावखुरी आहे. माझे टाके इतर मुलींच्या उलट बाजूला कलतात. उजव्या हाताने शिव म्हणून बाई वर्षभर माझ्या बोटांवर पट्टी मारत होत्या. दोन्ही नमुन्यांवरचे टाके तसेच उलटे होते. मैत्रिणीचे वडील शाळेच्या कमिटीवर होते.

ती घाबरून खोटं बोलली, ते मी केव्हाच सोडून दिलं. पण बाईंना माझे टाके ओळखता आले नाहीत, हे मला कुणी सांगू नये.