भैयाजी चिलबुले यांचा चौकशी अहवाल

१९५४ साली गडचिरोलीत धड रस्ता नव्हता आणि वैनगंगा चढली की चांद्याची डाक चार-चार दिवस यायची नाही. पण अभिजात संगीत धोक्यात आहे, ही बातमी मात्र गावातल्या अकरा माणसांपर्यंत वेळेवर पोचली होती. त्या अकरांनी मिळून संगीत संरक्षक मंडळ काढलं. अध्यक्ष झाले गुणवंतराव वकील, कारण बैठकीला पुरेल एवढी सतरंजी त्यांच्याच घरी होती. मंडळात गाता येणारा माणूस एकच. त्यामुळे त्याला चिटणीस करून लिहायला बसवलं.

हे भैयाजी चिलबुले. तहसील कचेरीत नकलनवीस. लहानपणी नागपूरला मामाकडे राहून पाच वर्षं एका बुवांपाशी शिकलेले. दिवसभर जमिनीच्या कागदांच्या नकला करायच्या आणि सकाळ-संध्याकाळ बंदिशी रचायच्या, असा त्यांचा क्रम. बंदिशीच्या शेवटच्या ओळीत रचणाऱ्याचं नाव गुंफायची रीत असते. भैयाजींनी आपल्या झाडी मुलखावरून स्वतःला ‘झाडीपिया’ असं नाव घेतलं होतं. घरात बायको त्यांना याच नावानं हाक मारायची, पण ती फक्त चुलीत घालायला लाकडं नसली की.

मंडळाचा पहिला ठराव सिनेमाच्या गाण्यांविरुद्ध होता. ही गाणी उथळ, परकी आणि तरुणांना नादी लावणारी आहेत, असं भैयाजींनी सुंदर अक्षरात लिहिलं. वकिलांकडे बॅटरीवर चालणारा रेडिओ होता. त्यावर फक्त शास्त्रीय संगीत लागेल, असंही ठरलं. बॅटरी नाजूक वस्तू. ती रोज तपासायला हवी. हे काम भैयाजींनी आपणहून अंगावर घेतलं.

रोज सकाळी वकीलसाहेब पूजेला बसले की भैयाजी रेडिओपाशी बसत आणि काटा हळूच सिनेमाची गाणी लावणाऱ्या रेडिओ सिलोनवर नेत. कान पेटीला लावून डोळे मिटत. असे ठेके त्यांच्या बुवांनी कधी शिकवले नव्हते. कुठूनशी परदेशी वाद्यं यायची, मध्येच टाळ्या वाजायच्या, एखादा सूर गवयानं चुकून लावावा तसा लागायचा आणि काळजात रुतून बसायचा. भैयाजींना ते आवडायचं. इतकं आवडायचं, की स्वतःचीच लाज वाटायची. आणि लाज वाटली की ते पुढचा ठराव आणखी कडक लिहायचे.

एकदा मागं चाहूल लागली. वकिलांच्या पत्नी शकुबाई चहा घेऊन उभ्या होत्या.

“बाई, मी बॅटरी तपासून राह्यलो,” भैयाजी म्हणाले.

“तपासा ना,” शकुबाई म्हणाल्या. “पन आवाज थोडा वाढवा. स्वयंपाकघरात आयकू येत नाई.”

त्या दसऱ्याला भैयाजींनी मंडळापुढं तिलककामोदातली नवी बंदिश गायली. ‘महुआ झर गयो, पिया नहीं आयो.’ मोहाची फुलं गळून गेली तरी प्रियकर आला नाही, एवढाच मजकूर, पण चाल फार गोड होती. मंडळानं माना डोलावल्या. गुणवंतराव म्हणाले, “याला म्हणतात परंपरा.” मग चिवडा आला आणि परंपरेचा विषय संपला.

दिवाळीनंतर बिरजू नावाचा नाटकमंडळीचा मालक भैयाजींकडे आला. धान कापणी झाली की गावोगाव शंकरपट भरतात. दिवसा बैलांच्या शर्यती, नंतर नाटक. बिरजूनं नाटक लिहिलं होतं, गाणं लिहिलं होतं, चाल नव्हती.

“तुमी शास्त्रीयवाले, मले ठावं हाय,” बिरजू म्हणाला. “पन गावात दुसरा कोनी नाई. नाव नाई सांगनार कोनाले.”

गाण्याची ओळ होती ‘टोपल्यात मोह, मनातबी मोह’. भैयाजींनी ती वाचली आणि नाही म्हणायला तोंड उघडलं. तोंडातून चाल आली. दसऱ्याचीच बंदिश होती. फक्त विरहानं उसासे टाकणं सोडून ती सिलोनच्या ठेक्यावर उड्या मारत होती. नाटकमंडळीचा पेटीवाला चैतू मडावी. आलापल्लीकडचा, चाळिशीचा, अबोल. त्यानं ती दोनदा ऐकली आणि पेटीवर उतरवली. वर स्वतःची सुरांची एक जागाही घातली, जी भैयाजींना सुचली नव्हती. भैयाजींनी ती मुकाट्यानं ठेवून घेतली.

पौष उजाडेपर्यंत ते गाणं तालुकाभर झालं. भैयाजी एका सकाळी बगलेत कागद घेऊन कचेरीला निघाले होते. समोरून लाकडं भरलेल्या आठ-दहा बैलबंड्या येत होत्या आणि सगळे बंडीवाले एका सुरात, म्हणजे साधारण सहा सुरांत, ‘टोपल्यात मोह’ म्हणत होते. भैयाजी रस्त्यातच थांबले. वीस वर्षांत साठ बंदिशी रचल्या होत्या त्यांनी. त्यातली एकही दुसऱ्या माणसाच्या तोंडून त्यांनी कधी ऐकली नव्हती. बंड्या गेल्या, धूळ बसली, तरी ते तिथंच उभे होते. त्या दिवशी कचेरीत त्यांनी एका माणसाचं शेत दुसऱ्याच्या नावावर उतरवलं आणि मग खोडत बसले.

मंडळ अर्थातच खवळलं. तातडीची बैठक बसली. या अश्लील चालीचा जनक शोधून काढण्यासाठी एकसदस्य चौकशी समिती नेमायचं ठरलं. संगीत कळणारा सदस्य एकच असल्यामुळे समितीवर भैयाजींचीच नेमणूक झाली. ठरावही त्यांनीच लिहिला.

भैयाजी कामाला प्रामाणिक. त्यांनी दीड महिना चौकशी केली आणि चौदा पानांचा अहवाल दिला. त्यात गाण्याचं शुद्ध स्वरलेखन होतं, तालाचं विवेचन होतं, अंतऱ्यात एके ठिकाणी रागाचा नियम मोडल्याबद्दल अज्ञात रचनाकाराची खरमरीत कानउघाडणी होती. फक्त नावाची जागा कोरी होती.

गुणवंतरावांनी पानं चाळली. “नाव कळणं कठीण नाही,” ते म्हणाले. “पेटी कोण वाजवतो? तो चैतू. जंगलातून यायचं आणि गाव बिघडवायचं. मार्कंड्याच्या जत्रेच्या कमिटीत मी आहे. महाशिवरात्रीला तिथं या नाटकमंडळीला जागा मिळणार नाही, आणि कारण म्हणून कमिटीला त्याचंच नाव कळवा. लिहा, चिटणीस.”

भैयाजींनी टाक दौतीत बुडवला. बाहेर काढला. परत बुडवला.

“लिहा ना.”

“त्याचं नाव नाई लिहू शकत,” भैयाजी म्हणाले. “चाल माही हाय.”

दहा माना एकदम चिटणिसांकडे वळल्या.

“तुमची? काऊन केली?” कोणीतरी विचारलं.

“आवडली म्हून केली. आन् दसऱ्याले तुमी हेच गानं आयकलं होतं. तवा माना डोलावल्या.”

विश्वास बसेना, म्हणून त्यांनी पेटी ओढली. आधी ‘महुआ झर गयो’ गायलं, संथ. मग तेच सूर, तोच क्रम, ‘टोपल्यात मोह’. आवाज पहिल्यांदा कापत होता, दुसऱ्यांदा कापला नाही.

“पहिलं शास्त्रीय आहे,” गुणवंतराव म्हणाले. “दुसरं भ्रष्ट.”

“फरक काय, साहेब?”

साहेब अहवालात उत्तर शोधू लागले. तेवढ्यात आतून शकुबाईंचा आवाज आला, “पह्यल्यात तुमाले झोप लागते. दुसऱ्यात लागत नाई.”

भैयाजींना चिटणीसपदावरून एकमतानं काढण्यात आलं. मंडळात दुसऱ्या कोणाचं अक्षर वाचण्याजोगं नसल्यामुळे तो ठराव त्यांनीच लिहिला, खाली रेघ मारली आणि टाक ठेवून दिला. चैतूचं नाव कुठंच आलं नाही, आणि वकिलीणबाईंनी घरात काय बोलणी केली कोण जाणे, मार्कंड्याला मंडळीला जागाही मिळाली. तिथल्या जाहिरातीवर पहिल्यांदा छापलं गेलं: ‘संगीत: भैयाजी चिलबुले व चैतू मडावी’.

भैयाजींनी एकच अट घातली होती. नाटकाआधी ते एक बंदिश गाणार, आलापासकट. प्रेक्षकांनी ही शिक्षा बिडी ओढत, मुलांना दटावत सोसली. वर्षामागून वर्ष सोसली. भैयाजींनीही एकाही गावात सूट दिली नाही.

५७ साली धानोऱ्याकडच्या एका गावी शंकरपट उरकून मंडळी सकाळी निघायच्या तयारीत होती. पाठीवर टोपलं घेतलेली सुकरी नावाची एक म्हातारी बंडीपाशी आली. गोंडीतून बोलत होती. चैतूनं मराठी करून सांगितलं.

“पह्यलं गानं पुन्हा म्हना म्हनते.”

“टोपल्यात मोह?” भैयाजींनी विचारलं.

“नाई. त्याच्याबी आंधीचं. ज्याच्यात शब्दच नोयते, ते.”

भैयाजी बंडीतून खाली उतरले. आलाप मागणारं माणूस त्यांना आयुष्याच्या त्रेचाळीस वर्षांत भेटलं नव्हतं.

“काऊन आवडलं, विचार.”

चैतूनं विचारलं. म्हातारी थोडकं बोलली.

“म्हनते, बाकीचे सारे गानेवाले काई ना काई सांगत असतात. तुमी काईच सांगून नोयते राह्यले. म्हून आयकत बसली.”

“भाऊ, चला! उन्ह चढून राह्यलं!” बिरजू पुढच्या बंडीतून ओरडला. बैल जुंपलेले होते.

“बैल सोड,” भैयाजी म्हणाले, आणि चैतूला पेटी खाली काढायला सांगितली.