टॉवेलांमागची बाटली

आयर्लंडमध्ये किलकेनीला आमच्या शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक आयरिश बाई राहतात. त्यांचा कोणी पूर्वज फार मागे फ्रान्समध्ये बोर्दोला गेला आणि तिथे त्याने द्राक्षमळा उभा केला. पुढे वेलींच्या मुळांना कीड लागली, मळा विकला गेला, वाइनच्या कोठारात परक्यांची गुरं बांधली गेली. काही वर्षांपूर्वी बाईंच्या भाचीने ती पडकी वास्तू परत घेतली, नव्या वेली लावल्या. पहिल्या वाइनची एक बाटली बाईंना आली, आणि त्याच आठवड्यात त्यांचं खुब्याचं ऑपरेशन ठरलं.

"तू पीत नाहीस, म्हणून तुझ्याकडे ठेवते," त्या म्हणाल्या. "माझ्या मुलाकडे दिली तर परत आल्यावर रिकामी काचच मिळायची. घरी आले की उघडू."

तेव्हा गावाहून आई आली होती. कपडे शिवून तिने मला शिकवलं. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. विमानात बसताना तिला शब्द दिला होता, दारूला शिवणार नाही. ती स्वयंपाकघरातलं एकेक कपाट आवरत होती. खरं सांगायचं सोडून मी बाटली वरच्या मजल्यावर, गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटात, टॉवेलांमागे दडवली.

कारखान्यात माझं कामच औषधं ठरलेल्या तापमानात राहतात का, ते पाहायचं. तीन आठवड्यांनी एका शीतकपाटाचा आलेख बघताना मला ती बाटली आठवली: वाइन उष्णतेने बिघडते, आणि मी ती गरम टाकीशेजारी ठेवली होती. घरी येऊन पाहिलं, तर बूच वर सरकलं होतं. टॉवेलावर जांभळा डाग.

"काय रे ते?" मागून आई.

सगळं सांगितलं. तिने डागाळलेला टॉवेल बाजूला काढला.

"मला घाबरून त्या बिचारीचं नुकसान केलंस होय? चल, मी येते. पण बोलायचं तू."

बाई त्याच दिवशी घरी आल्या होत्या. बाटली पुढे ठेवून मी झालेलं सांगितलं आणि विचारलं, "दुसरी मागवता येईल का?"

"पहिली एकच असते," त्या म्हणाल्या. त्यांनी घोटभर ओतून घेतली. "उष्णतेने मुरंबा झालाय."

तेवढ्यात भाचीचा फोन आला. वाइन कशी आहे, तिने विचारलं असावं.

"ग्रँड," बाई म्हणाल्या. "अगदी ग्रँड." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

यंदा दुसऱ्या हंगामाची बाटली आली. दुसऱ्या खुब्यासाठी निघताना त्यांनी ती माझ्याच हातात दिली. जिन्याखाली गारव्यात आडवी ठेवली आहे, जवळ थर्मामीटर. आई गावाहून रोज विचारते, "बाटली बरी आहे ना?" तिला उत्तर देण्याआधी मी एकदा जाऊन बघतो.