न सापडलेली खानावळ

जयप्रकाश सबनीस बँकेच्या बदलीवर कोलकात्यात आले आणि निवृत्त झाल्यावरही सॉल्ट लेकमध्येच राहिले, ते बायकोच्या, लीनाताईंच्या खानावळीपायी. सेक्टर फाइव्हमध्ये नोकरीला आलेली मराठी पोरं त्यांच्या घरी वरणभात, थालीपीठ खायला यायची. शहर सोडून जाणारा नव्या आलेल्याला पत्ता देऊन जाई, तीच काय ती जाहिरात.

पुढे लीनाताई गेल्या. स्वयंपाकाला बाई ठेवून सबनीसांनी खानावळ नेटाने चालू ठेवली. घरात चार माणसं जेवतात तोवर लीना घरातच आहे, असं त्यांना वाटे. पण पत्ते देणारी पोरं पांगली आणि नवी पोरं सगळं गुगलला विचारू लागली. मुलीने, सुरुचीने वेबसाइट करून दिली आणि बजावलं, "बाबा, लोक जे शब्द टाकून शोधतात तेच पानावर लिहा. मराठी जेवण, सॉल्ट लेक, कोलकाता. नाहीतर गुगलला तुम्ही दिसणार कसे?"

"आपणच आपली टिमकी वाजवायची? छे! आपली माणसं बरोबर शोधत येतात."

पानावर त्यांनी गणपती, हार घातलेला लीनाताईंचा फोटो आणि फोन नंबर एवढंच ठेवलं. पान देव्हाऱ्यासारखं देखणं झालं, पण देव्हाऱ्यावर घराचा पत्ता कोण लिहितो? हा भिडस्तपणा आपल्या लोकांच्या हाडीमाशी खिळलेला, आणि तोच शेवटी अंगाशी येतो. उरलेसुरले जेवणारेही गेले.

दिवाळीनंतर खानावळ बंद झाली. भांडी विकायची जाहिरात एका साइटवर टाकताना तिथले रकाने सगळंच विचारत होते, म्हणून सबनीसांनी निमूट लिहिलं: मराठी खानावळ, सॉल्ट लेक, कोलकाता, पातेली, ताटं, वाट्या. खाली घराचा पत्ता.

एका दुपारी गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवलेली मुलगी दारात उभी राहिली. सबनीस तिला पातेली दाखवू लागले.

"भांडी नकोत, काका. मी शर्वरी, मागच्याच ब्लॉकमध्ये राहते. केव्हापासून मराठी खानावळ शोधतेय, गुगलवर काही येतच नव्हतं. आज तुमचा पत्ता आला. पुढचं वाचलंही नाही, तशीच धावत आले. जेवायला मिळेल ना?"

"मागच्या ब्लॉकमध्ये? कधीपासून?"

"झाली की दोन वर्षं."

 शेगडी सकाळीच एक जण घेऊन गेला होता. "बस हं, बाळ," एवढं म्हणून सबनीस आत गेले आणि रिकाम्या ओट्याला धरून तोंडात पंच्याचा बोळा कोंबून रडले. बाहेर पोरगी हात धुऊन जेवायला बसली होती.