समोरच्या टाकीवरचा नेम

काकू कोणतीही गोष्ट तीनदा तपासल्याशिवाय खरी मानत नसत. अकोल्याच्या एका शाळेत त्यांनी तीस वर्षं प्रयोगशाळा सांभाळली आणि तिथली शिस्त घरी आणली. ताप तीनदा मोजायचा, दुधाचं माप तीनदा बघायचं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा बघायला त्या अमरावतीला राजापेठेत तीनदा आल्या, तिसऱ्यांदा न कळवता. "एका निरीक्षणावर निकाल नाई लावत, बाई," म्हणाल्या. माझ्या याद्या आणि वह्या ही त्यांचीच देणगी.

जठारपेठेतल्या त्यांच्या गल्लीत नळ पाचव्या दिवशी यायचा. समोरच्या घरातल्या माणसानं पाणी ओढायला थेट लाइनवर टिल्लू पंप बसवला होता. तो सुरू झाला की काकूंच्या नळाला नुसती हवा. म्हणून काका सत्तरीतही कोपऱ्यावरच्या हापशीवरून पाणी भरत. एका सकाळी दोन भरल्या बादल्यांसकट ते जिन्यावरून पडले आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यात वारले. भेटायला आलेला समोरचा म्हणाला, "दादाचं वयच झालं होतं." काकूंनी त्याला चहा दिला. तेरवी आटोपल्यावर मला फोन आला, "येतांनी छर्ऱ्याचं पिस्तूल आन. अन् एक कोरी वही."

मला वाटलं, माकडांसाठी असेल. गच्चीवर गेल्यावर काकूंनी समोरच्या काळ्या टाकीकडे बोट केलं. "ते फोडाची हाये. आधी चाचणी."

दोरीनं अंतर मोजलं. मी लिहून घेत गेले. दहा फुटांवरून पापड तिन्ही वेळा फुटला. टमाट्यात छर्रा रुतला, वांग्यावर नुसता डाग पडला. वीस फुटांवर नेम चार बोटं डावीकडे जात होता. शेवटी भंगारवाल्याकडून आणलेला जुन्या टाकीचा तुकडा ठेवला. छर्रा आपटून परत आला, काकूंच्या चपलेपाशी. तिन्ही वेळा.

"काकू, हे खेळणं आहे," मी म्हटलं. खरं तर मला हायसं वाटलं होतं.

"दिसून राहिलं मले. लिही जसंच्या तसं, वहीत खोटं नाई चालत." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "पण कोणता निकाल मोठ्यानं वाचाचा, ते आपल्या हातात हाये."

त्यानंतर रोज संध्याकाळी समोरचा त्याच्या गच्चीवर टाकी बघायला आला की काकूंचा सराव सुरू होई. पापड फुटला की त्या ओरडत, "दहा फुटांवर तिन्ही पार! उद्या टाकीचं पाहू!" शनिवारी मी असले तर मीही जोरात वाचत असे. मला ते आवडायला लागलं होतं, हे कबूल करते. आठवड्याभरात त्यानं टाकीभोवती पत्रे उभे केले. मग गच्चीवर यायचंच बंद केलं. शेवटी एक दिवस फाटकाशी येऊन उभा राहिला.

"वहिनी, काहून असं करून राहिल्या तुमी? गल्लीत लोक हासतेत मले. काढतो न मी मोटर."

"मोटर राहू दे," काकू म्हणाल्या. "दादाले वापस आन."

दुसऱ्या दिवशी त्यानं मोटर काढली. काकूंच्या नळाला पाणी आलं. सराव मात्र त्यांनी थांबवला नाही. पुढची दोन वर्षं त्याचे पत्रे तसेच उभे होते.

गेल्या उन्हाळ्यात काकू गेल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून सगळी तयारी मीच केली. अंगणात लोक एकेक करून पुढे येत होते आणि त्यांच्या तोंडात पाणी घालत होते. रांगेत समोरचाही होता. त्याचे डोळे खरोखर भरलेले होते. त्यानं तांब्याकडे हात नेला, तेव्हा मी तांब्या उचलून घेतला.

"तुमच्या हातचं पाणी नको त्यांना," मी म्हणाले, आणि त्याच्या मागच्या बाईंना पुढे बोलावलं.