पाइनच्या जंगलातलं अस्वल

ते अस्वल मला विसरता आलेलं नाही. मी पोहोचलो तेव्हा ते पाइनच्या झाडाखाली कुशीवर पडलं होतं आणि त्याचं डोकं काढून बाजूला ठेवलं होतं. आत नाशिकचा एक तिशीतला माणूस होता. शिकायला म्हणून न्यूझीलंडला आलेला, नंतर इथेच राहून मिळेल ते काम करणारा. त्या शनिवारी त्याला एका जाहिरातीत अस्वल व्हायचं होतं.

मी तेव्हा ऑकलंडच्या दक्षिण भागात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. आम्ही सगळ्यांचे जबाब घेतले. कॅमेरावाले दरीच्या अलीकडे होते, त्याला पलीकडच्या उतारावरून एकट्यानं चालत यायचं होतं. गोळीचा आवाज त्यांनी ऐकला होता, पण शेजारच्या रानात हरणाच्या शिकारीला परवानगी असते, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ते त्याला शोधायला गेले तोवर अर्धा तास उलटला होता. गोळी मांडीत लागली होती. रक्त थांबवायला वेळेवर कुणी पट्टा आवळला असता तर तो बहुधा वाचला असता, असं डॉक्टर म्हणाले.

गोळी झाडणारा पसार होता. बंदूक परवान्यांची यादी घेऊन आम्ही घरोघर फिरलो, हाती काही लागलं नाही. अस्वलाच्या वेषाबद्दल मात्र आम्ही बाहेर अवाक्षर काढलं नव्हतं. तपासात एखादी गोष्ट अशी राखून ठेवावी लागते.

नवव्या दिवशी दुपारी एका बाईंचा फोन आला. त्या ऑकलंडमधल्याच सँडरिंगहॅमला वाणसामान घ्यायला आल्या होत्या आणि गाडीत बसून बोलत होत्या. माझं आडनाव ऐकल्यावर मराठीवर आल्या.

"काल जेवताना मिस्टरांनी मुलीला विचारलं, इथल्या जंगलात अस्वलं असतात का गं? ती हसली. 'नो बाबा, ओन्ली इन द झू.' ते ताटावरून उठले. त्या शनिवारी ते शिकारीला गेले होते, साहेब."

"तुम्ही फोन केलाय, हे त्यांना माहीत आहे?"

"नाही. पण घरी जाऊन सांगणार आहे."

ते गृहस्थ पुण्याचे, इंजिनियर, राहायला फ्लॅट बुश नावाच्या उपनगरात. आम्ही गेलो तेव्हा दाराशीच उभे होते. रायफल जप्त केली, गोळी तिच्याशी जुळली.

चौकशीला वकील हजर होता, रेकॉर्डिंग सुरू होतं. हरणामागे हद्द ओलांडली, झाडीत काळं धूड दिसलं, गोळी झाडली, असं त्यांनी इंग्रजीत सांगितलं.

"या देशात अस्वलं नाहीत, हे ठाऊक होतं?"

"ठाऊक होतं. पण समोर उभं होतं."

माझा विश्वास बसला. तेवढंच असतं तर ती एक भयंकर चूक ठरली असती. मी पुढचा प्रश्न विचारला नाही. गप्प बसलेल्या अधिकाऱ्यासमोर माणसं फार वेळ गप्प राहू शकत नाहीत. थोड्या वेळानं ते मराठीत बोलू लागले.

"ते ओरडलं."

"काय?"

"आई गं, म्हणालं."

गप्प राहण्याचा हक्क मी त्यांना पुन्हा समजावला. वकिलानंही हात वर केला. ते थांबले नाहीत.

"तेव्हा कळलं, माणूस आहे. आपल्यातलाच आहे."

"मग काय केलंत?"

"पोरीचा चेहरा डोळ्यांसमोर आला. नोकरी, घर... पळालो. तो हाका मारत होता."

त्या वेळी फोन त्यांच्या खिशातच होता.

त्यांनी कोर्टात गुन्हा कबूल केला, तुरुंगात गेले. बाईंनी फ्लॅट बुशचं घर सोडलं. मुलगी बापाला भेटायला जात नाही, असं कानावर आलं.

माझं म्हणाल तर, पहिल्याच दिवशी मी नाशिकला फोन केला होता. त्याच्या आईनं विचारलं, "त्याला फार त्रास झाला का हो?" तो काही वेळ जिवंत होता, हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी म्हणालो, "नाही, जागच्या जागी गेला." तेवढाच तिला आधार, असं वाटलं होतं. खरं म्हणजे तिचं रडणं ऐकायची माझीच तयारी नव्हती.

शिक्षेच्या सुनावणीत त्या गृहस्थांचा जबाब वाचून दाखवला. नाशिकहून ती व्हिडिओवर सगळं ऐकत होती. नंतर मी फोन केला, तेव्हा ती ओरडली नाही, रडलीही नाही.

"शेवटी तो मला हाक मारत होता," ती म्हणाली. "आणि हे तुम्ही मला परक्यांच्या कोर्टात ऐकायला लावलंत."

त्यानंतर मी कुठल्याच घरी खोटं सांगितलं नाही. तिला त्याचा काही उपयोग नव्हता.