पोरगी बापावर

आमच्या शुक्रवार पेठेतल्या परसात देशी कोंबड्या होत्याच. त्यात एकदा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गिरणीच्या साहेबाच्या बंगल्यावरून एक विलायती कोंबडी आणली. जरा लंगडत होती, म्हणून खानसाम्यानं फुकटच दिलेली. पण रूप काय सांगू! अंगभर काळे-पांढरे पट्टे, जशी सतरंजीच. आई तिच्यावर बेहद्द खूष. असल्या पट्टेरी कोंबड्यांनी तिला सगळा परस भरून टाकायचा होता. घरचा कोंबडा मात्र काळा कुळकुळीत.

पिल्लं निघाली ती सगळी काळी. काहींच्या डोक्यावर तेवढा पांढरा ठिपका. आईचं तोंड उतरलं. पुढं पिसं फुटली तसे ठिपकेवाल्यांच्या अंगावर पट्टे उमटले, आणि ते झाडून सगळे कोंबडे निघाले. कोंबड्या एकजात काळ्या. आईनं हट्टानं पुन्हा अंडी उबवायला ठेवली, तर पुन्हा तीच गत.

"पोरगं आईवर, पोरगी बापावर," आबा हसून म्हणाले.

"आपल्या घरात तरी काय निराळं हाय?" आई बोलून गेली.

माझा भाऊ आईसारखा गोरापान, मी आबांसारखी काळी. आबांचं हसू तिथंच विरलं, आणि ते उठून बाहेर गेले. तेव्हा माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं आणि दोन ठिकाणांहून रंगापायीच नकार आला होता. आबा बोलायचे काही नाहीत, पण मनातून स्वतःलाच गुन्हेगार समजायचे. मला त्याचा राग यायचा. अहो, रंग काय त्यांनी मुद्दाम दिला?

पुढचे पाहुणे करकंबचे आले. मी पाटावर मान खाली घालून बसलेली. मुलाच्या आईनं मला न्याहाळलं आणि म्हणाली, पोरगी कामाची दिसती, पर लई काळी हाय की. आई घाईघाईनं सांगू लागली, उन्हातान्हात रापलीय, लहानपणी चांगली उजळ होती. धादांत खोटं.

आबांनी तिला हातानं थांबवलं.

"रापली न्हाय. माजा रंग हाय त्यो," ते म्हणाले. "नावं ठेवायची तर मला ठेवा. माज्या लेकीला न्हाय."

एरवी पाहुण्यांपुढं हात जोडून उभा राहणारा माणूस. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं मान वर करायची नसते, पण मी केली. म्हटलं, बघा की नीट सगळ्यांनी. हुबेहूब आबांचं तोंड आहे माझं.